लक्ष्याचा सिरियस रोल

सूरी हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय कोण जाणे. तमिळ पिक्चरमधला कॉमेडियन. मदुराईजवळच्या एका गावातून चेन्नईला आलेला, सिनेमात काम मिळेपर्यंत पडेल ती मजुरी केलेला माणूस. २००९ सालच्या 'वेण्णिला कबडी कुळु'मध्ये त्याने हॉटेलात पैज लावून परोटे हाणण्याचा एक सीन केला आणि तो कायमचा 'परोटा सूरी' झाला. पुढची बारा-चौदा वर्षं हिरोचा मित्र, हिरोचा मार खाणारा, हिरोइनचं पत्र चुकीच्या माणसाला देणारा वगैरे वगैरे. आणि मग २०२३ मध्ये वेट्रीमारनने 'विडुतलै' काढला. त्यात विजय सेतुपतीसारखा माणूस असताना मेन रोल कुणाला, तर या परोटा सूरीला. पोलीस ड्रायव्हर कुमरेसन. जंगलातल्या चौक्यांवर जीपमधून जेवण पोचवणारा. एका जखमी बाईला वरिष्ठांचा हुकूम मोडून जीपमधून दवाखान्यात नेतो आणि माफी मागायला नकार देतो. बास, तेवढ्यावरून त्याचे जे हाल सुरू होतात ते बघवत नाहीत.

आमच्या टीममध्ये एक मदुराईकर आहे. मी इकडे नाशकात घरी बसून, तो तिकडे. सोमवारच्या कॉलवर बाकीचे लोक जॉइन व्हायच्या आधी आम्ही पिक्चरवर बोलतो. त्याने सूरीपुराण सांगून झाल्यावर विचारलं, तुमच्या मराठीत असा कुणी आहे का? मी म्हटलं, आहे ना, लक्ष्मीकांत बेर्डे. तो म्हणाला, कोण, 'हम आपके हैं कौन'मधला नोकर?

तोच. च्यायला, काय उत्तर देणार!

मग शनिवारी बसून 'एक होता विदूषक' परत पाहिला. १९९२ चा पिक्चर. ज्यांनी पाहिला नाही (आणि माझ्या वयाच्या बहुतेकांनी पाहिलेला नाही, पैज लावतो) त्यांच्यासाठी थोडक्यात. दिग्दर्शक जब्बार पटेल, म्हणजे 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा'वाले. पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे. पु.लं.नी १९५३ च्या 'गुळाचा गणपती'नंतर सिनेमासाठी लिहिणं जवळजवळ सोडलंच होतं, ते चाळीसेक वर्षांनी परत आले ते या पिक्चरसाठी. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं, पैसा एनएफडीसीचा. सोबत मधू कांबीकर, मोहन आगाशे, दिलीप प्रभावळकर, वर्षा उसगावकर. आणि मधोमध आबुराव, तमाशातल्या नाचणारणीचा मुलगा. सोंगाड्या होतो, सिनेमात जातो, स्टार होतो, राजकारणी लोक त्याला सभेला गर्दी जमवायला वापरतात, आणि ज्यांना खरंच तो हवा होता ती माणसं मागे राहून जातात. त्यात एक लहान मुलगी आहे, जिला हसू येत नाही. अख्ख्या महाराष्ट्राला हसवणारा हा बाप तिच्यासमोर बसलाय. ती हसते की नाही ते मी सांगत नाही, पाहा.

आबुरावच्या जागी लक्ष्याला घेणं यात जब्बार पटेलांची कमाल आहे असं मला वाटतं. त्या वेळी तो महाराष्ट्रातला सगळ्यात जास्त हसवणारा माणूस होता. गिरगावात वाढलेला, साहित्य संघात नोकरी करत करत नाटकातली छोटी कामं करणारा मुलगा. 'टूरटूर' नाटकाने नाव झालं, मग १९८५ चा 'धूमधडाका', १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी', १९८९ चा 'थरथराट'. महेश कोठारेंच्या पिक्चरमध्ये तर त्याच्या पात्राचं नावही लक्ष्याच असायचं. जरा विचार करा याचा. नटाने पात्राचं नाव घ्यायचं असतं. इथे पात्रच नटाचं नाव घेऊन यायचं.

आणखी एक गोष्ट. अशोक सराफांना आपण मामा म्हणतो. निळू फुले निळूभाऊ. कोंडके तर दादाच. फक्त बेर्डे हा 'लक्ष्या'. त्याला अहो-जाहो करणारा प्रेक्षक मी पाहिलेला नाही, मी स्वतःही करत नाहीये. तो गल्लीतला, आपल्यातलाच. प्रेम आहेच त्यात, नाही असं नाही. पण गल्लीतल्या लक्ष्याने एक दिवस गंभीर चेहरा करून काही सांगायला सुरुवात केली तर आपण काय म्हणतो? 'बस बे, नाटकं नको करू.'

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना टाइपकास्टिंग हा शब्द फार सौम्य वाटतो. एका प्रकारातली व्हॅल्यू दुसऱ्या प्रकारात कोंबायची, दशांश चिन्हापुढचं गेलं तर गेलं, कंपायलर फार तर एखादी वॉर्निंग देतो आणि पुढे जातो. सिनेमातही तेच होतं, फक्त तिथे दशांश चिन्हापुढे जे असतं ते माणसाच्या आयुष्यातली दहा-वीस वर्षं असतात.

तर पिक्चरचं काय झालं? मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातल्या लावण्यांच्या नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि तिकीटबारीवर तो चालला नाही. पुढच्याच वर्षी, १९९३ ला, 'झपाटलेला' आला. त्यात लक्ष्या बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा लक्ष्या बोलके, आणि बाहुलीत घुसलेला तात्या विंचू. तो इतका चालला की आजही आमच्या सोसायटीतली पोरं तात्या विंचूची नक्कल करतात. मला स्वतःला 'झपाटलेला' प्रचंड आवडतो, त्यामुळे लगेच नाकं मुरडू नका. पण क्रम पाहा. एका वर्षी आबुराव, दुसऱ्या वर्षी तात्या विंचू, आणि पब्लिकने मत कुणाला दिलं ते स्पष्ट दिसतंय.

यावर नेहमीचं उत्तर असं की प्रेक्षकांनाच नट बदललेला चालत नाही. मला हे पटत नाही, आणि ते आम्हा नाशिककरांना तरी पटू नये. फाळके १९१३ मध्ये मुंबईहून इथे आले, पिक्चर काढू लागले. त्यांच्या १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये अण्णा साळुंके नावाच्या नटाने राम पण केला आणि सीता पण केली. एकाच पिक्चरमध्ये! लोकांनी भक्तिभावाने पाहिला, तुफान चालला. एकच माणूस राम आणि सीता दोन्ही असू शकतो हे ज्या प्रेक्षकाला चालतं, त्याला लक्ष्या रडलेला का चालू नये?

तमिळमध्येही हे आज सुरू झालेलं नाही. नागेशचा 'सर्व्हर सुंदरम' १९६४ चा. हॉटेलातला वेटर सिनेमातला विनोदी स्टार होतो, आणि ज्या मुलीसाठी हे सगळं चाललंय ती मात्र त्याची होत नाही. म्हणजे आबुरावचा लांबचा भाऊच. त्याच्या पुढच्या वर्षी 'नीरकुमिळी', त्यात नागेश मरणाच्या दारातला पेशंट. म्हणजे एक झाला की दुसरा तयार. सूरीचंही तेच बघा. 'विडुतलै' नंतर २०२४ मध्ये 'गरुडन', त्याच वर्षी 'कोट्टुकाळी' (यात तो बसलेल्या आवाजात बोलणारा, हात उगारणारा, अत्यंत अप्रिय माणूस आहे, हसू येण्याचा प्रश्नच नाही), मग डिसेंबरात 'विडुतलै'चा दुसरा भाग. वडिवेलूसारख्या दिग्गजालाही २०२३ मध्ये 'मामन्नन' मिळाला. एखादा आपटला तरी पुढचा रांगेत उभा.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. लक्ष्याचा एक पिक्चर पडला हे दुःख नाही, पिक्चर कुणाचे पडत नाहीत? दुःख हे की दुसरा आलाच नाही. एवढासा धंदा, त्यात नव्वदीत मराठी सिनेमाची अवस्था आणखी वाईट होत गेलेली. आबुरावसारखा रोल लिहायला पु.ल. लागले, पैसे द्यायला सरकारी महामंडळ लागलं. असा योग पुन्हा कोण जुळवून आणणार? निर्मात्याच्या जागी मी असतो तर मीही तात्या विंचूच काढला असता, खोटं कशाला बोला.

आणि तारखा तर अशा आहेत की चिडचिड होते. 'श्वास' २००४ चा. तिथून मराठी सिनेमाने कूस बदलली असं सगळे म्हणतात. साध्या चेहऱ्याच्या, साध्या कपड्यांतल्या माणसांच्या गोष्टी परत यायला लागल्या. लक्ष्या गेला १६ डिसेंबर २००४ ला, मूत्रपिंडाच्या आजाराने. वय अवघं पन्नास. २०१० च्या पहिल्याच दिवशी 'नटरंग' आला. तमाशा, नाच्या, राजकारण, घर गमावलेला कलावंत, म्हणजे जवळपास आबुरावच्याच गल्लीतली गोष्ट, आणि यावेळी थिएटरं भरली. अतुल कुलकर्णीने जीव ओतलाय त्यात, वादच नाही. पण 'विदूषक' सलग दोनदा पाहिल्यावर डोक्यात येतंच.

दोनदा अशासाठी की रविवारी मी फक्त लक्ष्याकडे बघत परत पाहिला. तमाशातल्या भागात तो नेहमीचाच आहे, शब्दाला शब्द भिडवणारा, भुवया उडवणारा. पुढे पुढे तेच डोळे, तोच आवाज, फक्त त्यातला वेग काढून घेतलेला. आपल्याला सवयीने वाटत राहतं की आता काहीतरी गंमत करेल, आता करेल. तो करत नाही. सूरी 'विडुतलै'मध्ये साहेबासमोर उभा असतो तेव्हा नेमकं हेच होतं. तीस वर्षांचं अंतर आणि दोन वेगळ्या भाषा, पण प्रेक्षकाची हसायची तयारी दोघांनीही त्याच पद्धतीने वापरलीय.

कॉपी मिळाली तर जरा बरी बघून घ्या, मला मिळाली तिचे रंग पार उडालेत. आणि पिक्चर लांब आहे, गाणी भरपूर आहेत. मिसळ खाऊन लगेच बसू नका, झोप लागेल.