कोऱ्या राहिलेल्या प्रश्नांचा अर्थ

२०२५ पासून ‘नीट-यूजी’मधील पर्यायी प्रश्न आणि जादा वीस मिनिटे बंद झाली. आता १८० प्रश्न आणि १८० मिनिटे. एका प्रश्नाच्या वाट्याला एक मिनिट. ही बातमी वाचली आणि माझी एक जुनी उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर उभी राहिली.

अभियांत्रिकीच्या एका प्रवेशपरीक्षेत माझे शेवटचे अठरा प्रश्न कोरे राहिले होते. घरी येऊन तेच सोडवायला बसलो, तेव्हा त्यांतले चौदा कोणाच्याही मदतीशिवाय सुटले. तरीही निकाल हाती आल्यावर आपली बुद्धीच मंद आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले. तो समज पुसला जायला पुढे कित्येक वर्षे लागली.

मानसमापनशास्त्रात एक जुना भेद आहे. प्रश्न सोपे, पण वेळ अपुरा, ती वेगकसोटी. प्रश्न उत्तरोत्तर कठीण, पण वेळ पुरेसा, ती सामर्थ्यकसोटी. आपल्या बहुतेक स्पर्धा परीक्षा या दोहोंचे मिश्रण असतात. म्हणजे समीकरण एक आणि अज्ञात राशी दोन. प्रश्न येत नव्हता म्हणून कोरा राहिला, की तिथवर पोहोचताच आले नाही म्हणून, हे गुणांची बेरीज सांगू शकत नाही.

वेग निरर्थक आहे, असे मी म्हणणार नाही. अत्यवस्थ रुग्णासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरला तो हवाच. लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षेला वेळेची मर्यादाही घालावीच लागते. परंतु वेक्स्लरच्या बुद्धिमापन कसोट्यांत प्रक्रियावेगाचा निर्देशांक स्वतंत्रपणे काढतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वेग हा बुद्धीचा एक पैलू आहे. तो म्हणजे संपूर्ण बुद्धी नव्हे. फ्रेंच गणितज्ञ लॉराँ श्वार्त्झ यांना १९५० मध्ये फील्ड्स पदक मिळाले. शाळेत आपण फार सावकाश विचार करतो, म्हणून स्वतःच्या बुद्धीविषयी त्यांना शंका वाटे, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे.

परीक्षेची तयारी करणाऱ्यांना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. सराव घड्याळ लावूनच करा. मात्र वेळ संपल्यावर उरलेले प्रश्न दुसऱ्या रंगाच्या शाईने, घड्याळ बाजूला ठेवून सोडवा आणि दोन्ही गुण वेगवेगळे लिहा. पहिला आकडा तुमचा क्रमांक ठरवील. तुम्हाला काय येते, हे मात्र दोन्ही आकडे मिळूनच सांगतील. त्या वयात हा दुसरा आकडा मी कधी लिहून ठेवला नाही.