आग्रा रोडवरचे भोंगे

कुर्ल्याहून मुलुंडकडे जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गाला आमच्याकडचे बुजुर्ग अजूनही आग्रा रोडच म्हणतात. लोकलने हे अंतर अर्ध्या तासाच्या आत कापता येते. तरीही एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन हा रस्ता बसने करून पाहा. बस रेंगाळते, सिग्नलला थांबते, आणि तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंना नीट पाहता येते. मुंबईच्या उपनगरांनी गेल्या सत्तर वर्षांत काय कमावले आणि काय गमावले, ते या रस्त्यावर वाचता येते.

सुरुवात कुर्ल्यापासून करू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथे होता. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की जी गाडी डोळ्यांसमोर येते, ती पद्मिनी कुर्ल्यात तयार होत असे. वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने रस्ता सोडला. कारखाना त्याच्या कितीतरी आधी बंद झाला होता. आज त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे.

कुर्ल्यातच कमानी ट्यूब्ज हा कारखाना होता. १९८५ मध्ये तो बंद पडला, तेव्हा कामगारांनी नुसते मोर्चे काढले नाहीत. आपणच तो विकत घेऊन सहकारी पद्धतीने चालवू, असा आराखडा त्यांनी मांडला. १९८८ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन त्याला मंजुरी मिळाली. मशीनवर उभे राहणाऱ्या माणसांनी पुढे काही वर्षे तो कारखाना चालवून दाखवला. ही हकीकत आमच्या शाळेच्या पाठ्यपुस्तकात नाही, पण मी ती दरवर्षी वर्गात सांगते.

पुढे घाटकोपर. डॉ. दत्ता सामंत यांचा दवाखाना याच भागात होता. खाणीत दगड फोडणारे मजूर त्यांच्याकडे औषधाला येत. त्यांच्या जखमा बांधता बांधता डॉक्टर कामगारांचे पुढारी झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. तो संप परळ-लालबागचा म्हणून ओळखला जातो, पण त्याची झळ उपनगरांतल्या घरांनाही बसली. कितीतरी गिरणी कामगारांची मुले इकडच्या इंजिनिअरिंग कारखान्यांत होती, आणि संपाच्या दिवसांत दोन-दोन कुटुंबे एका पगारावर जगत होती.

घाटकोपर सोडले की विक्रोळीला गोदरेज येते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो लोखंडी मतपेट्या इथे तयार झाल्या. त्यानंतर कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्हज, भांडुपला एशियन पेंट्स, मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सन. अगदी टोकाला मुलुंडचा जकात नाका, जिथे ट्रकची रांग लागलेली असे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात संपली. आज त्याच रस्त्यावर टॉवर, शोरूम आणि मॉल आहेत. त्यांतले काही मॉलही आता ओस पडले आहेत.

भोंगा वाजायचा तेव्हा

आमचे अब्बा कुर्ल्याच्या एका कारखान्यात टर्नर होते. आमच्या चाळीत घड्याळे कमी होती आणि त्यांची गरजही नव्हती. सकाळचा भोंगा झाला की पहिल्या पाळीचे डबे बाहेर पडत. दुपारचा भोंगा झाला की अम्मी चूल पेटवत असे, कारण अब्बा घरी येऊन जेवत. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असे, म्हणून आम्हा मुलांना गल्लीत दंगा करायला मनाई होती. पगाराची तारीख सगळ्यांना ठाऊक असे. किराणेवाल्यालाही. त्या दिवशी उधारीच्या वहीतला हिशेब चुकता होई आणि दुसऱ्या दिवशी नवे पान सुरू होई. बोनस दिवाळीला मिळे. आमच्या घरातले ईदचे कपडे पुष्कळदा त्याच पैशांतून अम्मीने बाजूला काढून ठेवलेले असत.

पगार फार नव्हता. पण पीएफ कापला जात होता, ईएसआयचे कार्ड होते, कुणी आजारी पडले तर मुलुंडचे किंवा अंधेरीचे ईएसआय हॉस्पिटल होते, आणि लग्नकार्याला कामगारांची पतपेढी कर्ज देत असे. शिकाऊ म्हणून लागलेला मुलगा दहा वर्षांत कुशल कारागीर होई, आणि ते कौशल्य त्याच्या हातातून कुणी काढून घेऊ शकत नसे.

कारखाने का गेले?

एकच कारण सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कुणी म्हणते युनियनमुळे, कुणी म्हणते मालकांमुळे. खरे तर बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या. मुंबईत गर्दी नको म्हणून सरकारनेच मोठ्या उद्योगांना बाहेर जाण्यासाठी सवलती दिल्या. ठाणे-बेलापूर पट्टा, तारापूर, नाशिक, औरंगाबाद इथे कारखाने गेले. संप आणि टाळेबंदी झाली. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि जुन्या मशिनरीचा माल स्पर्धेत टिकेना. त्याच वर्षीच्या विकास नियंत्रण नियमावलीने कारखान्याच्या जमिनीचा वापर बदलण्याची वाटही मोकळी केली. मग हिशेब सोपा झाला. कारखाना चालवून वर्षानुवर्षांत जे मिळणार नव्हते, ते जमीन विकून एकदाच मिळत होते.

दूरच्या एका शहराची तुलना

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात डेट्रॉइट नावाचे मोटारींचे शहर आहे. १९५० मध्ये तिथली लोकसंख्या साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये ती सुमारे ६ लाख ३९ हजारांवर आली. कारखाने गेले तशी माणसेही गेली. २०१३ मध्ये शहराच्या प्रशासनाने दिवाळखोरी जाहीर केली. रिकाम्या घरांचा लिलाव करताना पालिकेने बोली हजार डॉलरपासून सुरू केली.

त्याच डेट्रॉइटच्या पोटात हॅमट्रॅमक नावाचे छोटे शहर आहे. तिथला डॉज कंपनीचा प्रचंड कारखाना १९८० मध्ये बंद झाला. पोलंडहून आलेल्या कामगारांचे हे गाव. घरे स्वस्त झाली, आणि येमेन व बांगलादेशातून आलेल्या कुटुंबांनी ती घेतली. दुकाने उघडली, शाळा भरल्या. २०१० ते २०२० या दहा वर्षांत तिथली वस्ती घटण्याऐवजी २२ हजारांवरून २८ हजारांवर गेली. २०२१ च्या निवडणुकीनंतर महापौर आणि सगळे नगरसेवक मुस्लिम होते.

आपल्याकडे उलटे झाले. तिथे काम गेले आणि घरे स्वस्त झाली. इथे काम गेले आणि घरे महाग झाली. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८६ लाख होती, २०११ मध्ये ती ९३ लाखांच्या पुढे गेली. म्हणून आपल्याला वाटते की इथून कुणी गेलेच नाही. पण मी शिक्षिका आहे. दर मे-जूनमध्ये शाळा सोडल्याचा दाखला मागायला पालक येतात आणि मला कोण गेले ते दिसते. अकरा महिन्यांचा भाड्याचा करार संपतो, घरमालक डिपॉझिट वाढवतो, आणि कुटुंब मुंब्रा, कल्याण नाहीतर नालासोपाऱ्याला जाते. बाप रोज कामाला परत इथेच येतो. मूल मात्र नव्या शाळेत पुन्हा मागच्या बाकावर बसते. डेट्रॉइटमधून निघणारी माणसे मागे रिकामी घरे सोडून गेली. इथून निघणाऱ्यांची जागा त्याच दिवशी भरते, म्हणून त्यांचे जाणे कुणाच्या लक्षात येत नाही.

मेट्रोच्या खिडकीतून

मुलुंडहून लोकलने घाटकोपरला परत या आणि मेट्रो धरा. ८ जून २०१४ ला सुरू झालेला हा मुंबईचा पहिला मेट्रो मार्ग घाटकोपर ते वर्सोवा ११.४ किलोमीटरचा आहे. असल्फ्याच्या टेकडीवरची रंगीत घरे मागे पडली की साकीनाका येतो. इथे पत्र्याच्या छपराखाली अजून लेथ फिरतात, कपडे शिवले जातात, भंगार वेगळे केले जाते. म्हणजे काम संपलेले नाही. ते मोठ्या फाटकातून निघून छोट्या गाळ्यांत आले आहे. फरक एवढाच की तिथे भोंगा नाही, हजेरीपत्रक नाही आणि पीएफही बहुधा नाही.

मरोळच्या पुढे सीप्झ आहे, १९७३ साली निर्यातीसाठी उभारलेला विभाग. आधी इलेक्ट्रॉनिक्ससाठी होता, आता तिथे हिऱ्या-सोन्याचे दागिनेही घडतात आणि सॉफ्टवेअरची कामेही चालतात. आमच्या शाळेतून गेलेल्या काही मुली तिथे नोकरी करतात आणि घर चालवतात, हे मी अभिमानाने लिहिते. अंधेरीच्या शेजारी विलेपार्ल्याला १९२९ पासून पार्लेचा कारखाना होता. स्टेशनवर उतरले की बिस्किटांचा खमंग वास येत असे. २०१६ मध्ये तो बंद झाला. मात्र पश्चिमेकडचे सगळेच गेले असे नाही. बोरिवलीच्या अलीकडे कांदिवलीला महिंद्राचा कारखाना आहे.

आपल्या हातात काय आहे?

आमच्या शाळेच्या प्रवेश अर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. मी नोकरीला लागले तेव्हा जुन्या अर्जांत फिटर, टर्नर, वेल्डर, खलाशी असे शब्द दिसत. आता रिक्षाचालक, सिक्युरिटी, डिलिव्हरी असे लिहिलेले असते. कुठलेही हलाल काम कमी नाही, हे मी मुलांना आवर्जून सांगते. पण गेल्या वर्षी दहावी झालेल्या एका हुशार मुलाच्या वडिलांनी मला विचारले, “मॅडम, आयटीआयला दोन वर्षं घालवून काय मिळणार? बाइक घेतली तर उद्यापासून पैसे येतील.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. घरभाडे दर महिन्याला द्यावे लागते, दोन वर्षांनी नाही.

मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. पेट्रोल, बाइकचा हप्ता, दुरुस्ती वजा करा. पडला-झडला तर औषधाचा खर्च धरा. पाच वर्षांनी त्याची कमाई किती असेल आणि त्याला नवे काय येत असेल, ते लिहा. शेवटच्या प्रश्नापुढची जागा त्यांनी कोरीच ठेवली. मुलगा आता मुलुंडच्या सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतो आणि संध्याकाळी मामूंच्या दुकानावर बसतो. घराची ओढाताण चालू आहे. अम्मीने शिलाईचे काम वाढवून घेतले आहे.

सगळ्यांना हे जमेल असे नाही. पण मुलाला किंवा मुलीला कामाला लावण्याआधी तीन प्रश्न जरूर विचारा. पगार बँकेत येतो का? पीएफ आणि ईएसआयचा नंबर मिळतो का? आणि हे काम करताना मूल नवीन काही शिकणार आहे का? तिन्हींना ‘नाही’ असे उत्तर आले तर घाई करू नका, निदान एक वर्ष शिकण्यासाठी काढा. मुंबई, अंधेरी, बोरिवली, मुलुंड इथे सरकारी आयटीआय आहेत आणि दहावीच्या निकालानंतर त्यांचे प्रवेश सुरू होतात. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. भरता येत नसेल तर जवळच्या शाळेतल्या शिक्षकांना गाठा. आम्ही त्यासाठीच बसलेलो असतो.