फाइलीवर नाव कुणाचं?

त्या पोराला कामावरून काढलं ते माझ्या अजून पचनी पडलेलं नाही. कारण काय, तर सर्व्हरवरच्या एका ड्रॉइंगपुढं त्याचं नाव होतं.

शिवाजी उद्यमनगरातलं छोटं वर्कशॉप. पॅटर्न तिथं होतात, ओतकाम शिरोलीच्या एका फौंड्रीत. ड्रॉइंग काढणारी चार-पाच माणसं, मागं उबंटूचा जुना सर्व्हर, त्यावर फाइली वाटून घ्यायला सांबा, प्रत्येकाला आपापलं लॉगिन. असले सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. मला बोलावणं आलं ते सगळं होऊन गेल्यावर. पंपाच्या केसिंगचं 'सी' रिव्हिजनचं ड्रॉइंग 'चालू' फोल्डरमध्ये असायला हवं होतं, तिथं त्याच नावानं जुनं 'बी' बसलेलं. त्यावरून पॅटर्न झाला, ओतकाम झालं, मशीनिंगला फ्लँजची भोकं जुळेनात. सगळी कास्टिंग भंगारात. नुकसान खरं होतं आणि मालकांचा संतापही खरा होता.

"ह्ये बघा की," त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "नाव त्याचंच हाय. आणि काय पुरावा पायजे?"

नाव त्याचं होतं, पण शेजारची तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची होती. फाइलीपुढं दिसणारं नाव ती फाइल तयार करणाऱ्याचं असतं. ती उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली, तरी नाव आणि तारीख दोन्ही तशीच राहतात. म्हणजे 'बी' ड्रॉइंग त्या पोरानं तेव्हा काढलं, एवढंच तिथं लिहिलेलं होतं. 'जुने' फोल्डरमधून ते 'चालू'त कुणी ओढलं, 'रिप्लेस करू का' या प्रश्नाला कुणी डोळे झाकून 'येस' म्हटलं, ते तिथं लिहिलेलं नव्हतं. आता, त्यानं स्वतः विंडोजमधून कॉपी केली असती तरी असंच दिसलं असतं, हेही मी मालकांना सांगितलं. सांगायला नको होतं असं नंतर वाटलं. त्यांनी तेवढंच धरून ठेवलं.

लिनक्समध्ये फाइल पुसायचा किंवा हलवायचा हक्क फाइलीवर नसतो, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर असतो, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. फाइल तुमची, तिच्यात दुसऱ्याला अक्षर लिहिता येत नाही, पण फोल्डर सगळ्यांना खुला असेल तर कुणीही ती उचलून फेकू शकतो. यावर इलाज म्हणून स्टिकी बिट आहे. तालमीत खुंट्या सगळ्यांच्या. कपडे कुणीही कुठंही अडकवावेत, पण काढताना आपलेच काढायचे, तसा हा प्रकार. प्रत्येक लिनक्सवर टेंप फोल्डर असाच असतो, १७७७. त्यातला पहिला एक म्हणजे स्टिकी. यादीत तो शेवटी 'टी' होऊन दिसतो.

इथं नुसतंच ७७७ होतं. त्याची कथा नेहमीचीच. एकानं केलेली फाइल दुसऱ्याला सेव्ह होईना, 'परमिशन डिनाइड' येऊ लागलं. आधीच्या सर्व्हरवाल्यानं वरपासून खालपर्यंत सगळ्यांना सगळं खुलं करून टाकलं आणि चहा पिऊन गेला. खरं तर हवा होता सेटजीआयडी: फोल्डरवर २७७० केलं की आत होणारी प्रत्येक नवी फाइल फोल्डरच्या ग्रुपची होते. सांबात क्रिएट मास्क ०६६० केला की ग्रुपमधल्यांना ती लिहिताही येते. दहा मिनिटांचं काम.

पण माझा राग यावर नाही. फाइलीची आणखी एक वेळ असते, सीटाइम. फाइल हलवली, नाव बदललं, परवानगी बदलली की ती बदलते. ती पाहिली असती तर ड्रॉइंग कोणत्या दिवशी, किती वाजता हललं हे कळलं असतं, आणि हजेरीच्या वहीत पोरगा त्या दिवशी होता की नव्हता तेही. मी पाहिली. 'चालू'मधल्या एकूण एक फाइलीची वेळ सारखीच, त्याच दोन-चार मिनिटांतली. बोंब झाली त्याच संध्याकाळी त्या गृहस्थानं 'सगळं नीट करतो' म्हणून पुन्हा एकदा परवानग्या बदलणारं सीएचमॉड ७७७ आरपार चालवलं होतं. एका ओळीत सगळ्या फाइलींचे सीटाइम पुसले गेले. पोराचा बचाव जिथं सापडला असता ती जागाच उरली नाही, आणि ज्यानं ती घालवली त्याला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. उलट बिल दिलं.

"मग केलं कुणी?" मालक.

"सांगता येत नाही."

"तुमास्नी सांगता येत न्हाई, मग मी कुणाला धरू?"

कुणालाच धरू नका, हे उत्तर कारखान्यात चालत नाही.

पोरगा आता गोकुळ शिरगावात लागलाय. त्याला फोन करून हे सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "दादा, खरं सांगू? मीच हलवलं असंल तरी मला आठवत न्हाई. त्या आठवड्यात मी फोल्डर आवरत हुतो." मला क्षणभर त्याचाच राग आला. मी इतका भांडलो आणि हा असा. पण 'मीच केलं असेल' आणि 'यानंच केलं' यांत फरक आहे की नाही?

स्टिकी, सेटजीआयडी असल्या या खास बिटांबद्दल लोकांना भीतीच फार. तिसरा, सेटयूआयडी, हा तर भीती वाटण्याजोगाच: प्रोग्रॅम कुणीही चालवावा, पण तो चालतो मालकाच्या अधिकारानं. डेनिस रिची यांनी ही युक्ती काढली, १९७९ साली तिचं अमेरिकी पेटंटही मिळालं. साध्या माणसाला स्वतःचा पासवर्ड बदलता येतो तो हिच्यामुळंच. २०२२च्या जानेवारीत पीकेएक्झेक या असल्याच प्रोग्रॅममधलं भोक उघडं पडलं. ते २००९पासून तिथं होतं. पॅच येईपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणजे त्याचा सेटयूआयडी काढणं. म्हणून अधूनमधून 'फाइंड'ला मायनस पर्म मायनस ४००० देऊन अशी यादी काढून बघावी, ओळखीचं नसेल ते विचारावं. सर्व्हर लहान आहे म्हणून सोडू नये.

वर्कशॉपमध्ये सोमवारच्या सुट्टीला बसून मी 'चालू'ला ३७७० केलं, सेटजीआयडी आणि स्टिकी दोन्ही. थोड्याच दिवसांत ड्रॉइंगवाला गावाच्या यात्रेला गेला आणि फोरमनला त्याचं ड्रॉइंग हलवता येईना. काम अडलं, फौंड्रीची गाडी दारात उभी. तेव्हा मला ७७७वाल्याचं थोडं पटलं, खोटं कशाला बोलू. काम अडल्यावर कुणालाही दार सताड उघडावंसं वाटतं. त्यांनी मला फोन न करता त्यालाच केला आणि त्यानं तेच केलं.

पुढच्या वेळी गेलो तर 'टी' गायब, पण ग्रुपचा 'एस', म्हणजे सेटजीआयडी, जागेवर. लिनक्सवरचं सीएचमॉड साध्या तीन आकड्यांनी फोल्डरचा सेटजीआयडी काढत नाही, हे त्या बाबाला ठाऊक नसावं. मी 'टी' परत लावला आणि फोल्डरची मालकी फोरमनच्या नावावर केली. स्टिकी फोल्डरच्या मालकाला आतली कुणाचीही फाइल हलवता येते. मालक म्हणाले, "म्हंजे आता काय चुकलं तर फोरमनला धरायचं?"

मी म्हणालो, "आधी सीटाइम बघायचा. आणि मी येईपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही."