तात्यांची तीन बोटं

ऑक्टोबर 2014. मी अकरावीला लातूरला होतो, दिवाळीच्या सुट्टीत केज तालुक्यातल्या आमच्या गावी आलो होतो. पाऊस कमी झालेला, सोयाबीन जेमतेम. कापून रचलेली बनीम दिवस मावळताना मशीनवर घातली. मशीनवाल्याचा दर पोत्यावर होता आणि त्याला रात्रीतच पुढच्या गावाला जायचं होतं. उजेड ट्रॅक्टरच्या लाईटचा. माझ्याकडे काम एकच, ट्रॅक्टरवर बसायचं आणि कुणी ओरडलं की बंद करायचा.

मी व्हॉट्सअॅपवर होतो, आणि ट्रॅक्टरवर नव्हतो. रेंज बांधावर यायची.

तात्या, म्हणजे माझे चुलते, अडकलेला पेंढा हाताने आत ढकलत होते. बाही ओढली गेली. मी पळत येऊन ट्रॅक्टर बंद केला तोवर उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

अंबाजोगाईला नेलं. घरी परतल्यावर सगळे म्हणाले, नशीब. आजी म्हणाली, हात वाचला हेच खूप. मी कुठं होतो हे कुणीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. मागच्या वर्षी आमची पेमेंट सिस्टीम चाळीस मिनिटं बंद पडली. त्यावर पोस्टमॉर्टेमची मीटिंग झाली, दीड तास. त्या मीटिंगचा नियम असा की कुणाचं नाव घ्यायचं नाही. 'कुणी केलं' नाही, 'हे होऊच कसं शकलं' एवढंच विचारायचं. चाळीस मिनिटांसाठी आठ पानांचं डॉक्युमेंट झालं. तात्यांच्या बोटांसाठी एक ओळही कुणी लिहिली नव्हती.

त्या रात्री रूमवर बसून मी ती लिहायला घेतली. पहिली ओळ माझीच होती: ऑपरेटर जागेवर नव्हता. मग मशीनबद्दल वाचत गेलो. मळणी यंत्राला जड फ्लायव्हील असतं, पेंढा कमीजास्त पडला तरी ड्रमचा वेग टिकावा म्हणून. त्यामुळे इंजिन बंद केलं तरी ड्रम काही वेळ फिरतच राहतो. म्हणजे मी सीटवर बसलेलो असतो तरी बोटं बहुधा गेलीच असती. हे वाचून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पुढे कळलं की यावर माझ्या जन्माच्या आधीपासून कायदा आहे. 1983 चा 'डेंजरस मशीन्स' कायदा, तोही मळणी यंत्रांसाठीच. पेंढा घालायच्या तोंडाला वरून झाकलेला लांब पत्रा हवा, इतका लांब की हात ड्रमपर्यंत पोचूच नये, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या मशीनवरचा पत्रा कापलेला होता. पेंढा तुंबतो, वेळ जातो, पोती कमी पडतात म्हणून. आम्ही घाईत एखादा चेक कमेंट आऊट करतो, तसाच प्रकार.

अपघात झाल्यावर मात्र योजना आहे. तिला नाव आमच्याच जिल्ह्यातल्या गोपीनाथ मुंडेंचं, जे 2014 च्याच जूनमध्ये दिल्लीत रस्ता अपघातात गेले. मृत्यू झाला तर 2 लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर 1 लाख. तेव्हाही शेतकऱ्यांसाठी अपघात विमा होता. बोटं अवयवात धरतात का, हे विचारायला तात्या कधी गेलेच नाहीत.

या दिवाळीत मी त्यांना सगळं सांगितलं. बांध, रेंज, सगळं. ते डाव्या हाताने तंबाखू मळत होते.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तुला मीच म्हणलो व्हतो, जा तिकडं, धुराळा लई हाय."

मला हे अजिबात आठवत नाही. खरं असेल, किंवा नसेल.

मशीन यायच्या आदल्या दिवशी केजच्या वेल्डरकडून तीन फुटांचा झाकलेला पत्रा करून घेतला. मशीनवाल्याने कुरकुरत बसवला. तासाभराने पाहतो तर काढून बांधावर टाकलेला. मी ट्रॅक्टर बंद केला, चावी खिशात घातली. ड्रम थांबेपर्यंत तो माझ्यावर ओरडत होता.

"बसव की रं पत्रा," तात्या म्हणाले. "दोन पोती कमी झाली तर आमची व्हतील. पैसं तुला तेवढंच देतो."