पत्त्यावर जाणारे औषध

सकाळी सहा वाजता आमच्या घरात पहिला आवाज होतो तो पातेल्यात कोमट पाणी ओतल्याचा. त्या पाण्यात आई दोन्ही हात बुडवून बसते. रात्रभरात आखडलेली बोटे सैल व्हायला तास-दीड तास जातो. तोवर चहा मी करते, तिच्या पोलक्याचे हूक मी लावते. आणि जिने लहानपणी माझ्या घट्ट वेण्या घातल्या, तिचा अंबाडाही मीच बांधते.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे तिच्या दुखण्याचे नाव. म्हातारपणी गुडघे झिजतात तो संधिवात हा नव्हे. इथे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. कुंपणाने शेत खावे, तसा प्रकार! आई दर रविवारी मेथोट्रेक्सेट घेते. दुखणे बोटांत, पण औषध फिरते सगळ्या अंगात. म्हणून सोमवारी तिला मळमळते, अन्नावरची वासना जाते.

मी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाला रामराम ठोकलेला. पण गेल्या पावसाळ्यात ग्रंथालयात एक लेख हाती लागला आणि ‘एक्सोसोम’ या शब्दाची ओळख झाली. आपल्या पेशी अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात, त्या या. आकार सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर. आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! १९८३ साली अमेरिकेत आणि कॅनडात, तांबड्या रक्तपेशी पक्व होताना त्या प्रथम दिसल्या. पेशी आपला केर बाहेर टाकते आहे, असाच बरीच वर्षे समज होता. पुढे २००७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिले, की या पिशव्यांतून एका पेशीचे आरएनए दुसऱ्या पेशीत पोचते. केराची टोपली समजलो होतो, ती टपालाची थैली निघाली!

मग या टपालातूनच औषध धाडले तर? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तसे केले गेले. एक्सोसोममध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड भरले आणि वर फॉलिक आम्लाची खूण लावली. सुजलेल्या सांध्यातल्या चवताळलेल्या पेशी ही खूण ओळखतात. औषध सांध्यात अधिक पोचले, सूज उतरली.

त्या संध्याकाळी मी हातवारे करकरून हे सारे आईला सांगितले. ती भाजी निवडायची थांबून ऐकत राहिली.

दिवाळीत मामा आला, तो एक जाहिरात घेऊनच. शहरातल्या कुठल्याशा दवाखान्यात एक्सोसोमची इंजेक्शने मिळतात, संधिवात मुळापासून जातो म्हणे! खर्च आमच्या ऐपतीबाहेरचा. आई काही न बोलता उठली आणि कपाटातून आपल्या पाटल्या काढून घेऊन आली.

माझ्या पोटात गोळा आला. कारण एक गोष्ट मी तिला सांगितलीच नव्हती. तो प्रयोग उंदरांवरचा होता. रात्री मी पुन्हा वाचत बसले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्येच लोकांना सावध केले होते, की एक्सोसोमचे एकही उत्पादन मान्यताप्राप्त नाही आणि अशा उपचारांनी काही रुग्णांना गंभीर इजा झाली आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “संशोधन खरे आहे, जाहिरात खोटी आहे. पाटल्या मोडू नका.”

घरी येऊन मी आईला म्हटले, “आई, ते अजून उंदरांवरच चाललंय.”

“म्हणजे माझ्यासाठी नाही?”

“अजून नाही.”

ती थोडा वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलंस गं?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी खोटे बोलले नव्हते. पण तिला आवडेल तेवढेच सांगितले होते. जाहिरात लिहिणाऱ्याने तरी दुसरे काय केले होते? आईने पाटल्या परत कपाटात ठेवल्या. तिला किल्ली फिरवता येईना, ती मी फिरवली.

आता लेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मी घरी तोंड उघडत नाही. रविवारी गोळी घेताना आई मात्र हसून विचारते, “काय गं, तुझे उंदीर काय म्हणतात?”

“बरे आहेत,” मी सांगते. “पण आपल्याला अजून थांबायचंय.”

“थांबू की,” असे म्हणून ती पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलते.