कुपवाडची वाट आणि जुन्या जीपचा गिअर

सांगलीच्या ईशान्येला आणि मिरजेच्या उत्तरेला कुपवाड आहे. १९९८ साली तिन्ही मिळून एक महापालिका झाली. पण शेतकऱ्याची या गावाशी ओळख आहे ती औद्योगिक वसाहतीमुळे. ओतकाम आणि लेथकाम इथे चालते. लोखंडाचा आवाज सतत कानावर येतो. जुनी जीप बघायला या बाजूला येणार असाल, तर कान उघडे ठेवूनच या.

मळ्याची वाट पावसाळ्यात चिखलाची. हळदीची पट्टी हातात पडली, की घरात जीपचा विषय निघतो. नवी परवडत नाही, म्हणून जुनी बघायची. रंग बघतात, टायर बघतात, आणि गिअरचा दांडा मात्र एकदा हलवून सोडून देतात. पैसा बुडतो तो इथे. चारही चाकांना जोर असणाऱ्या या गाडीत गिअरपेटीच्या मागे दुसरी पेटी असते. काम निघाले की तिचीही उतरवाउतरव करावी लागते.

मालकाला आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. काही दोष थंड गाडीतच दिसतात, काही गरम झाल्यावर. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून पाहा. एखादा अडला तर गाडी वीतभर ढकलून पुन्हा पाहा. कधी दात दातावर येऊन थांबतात. मग इंजिन चालू करून तेच करा. बंद असताना सहज पडणारा गिअर आता अडत असेल, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. हे कधी थोडक्या दुरुस्तीत भागते. दोन्ही वेळा अडत असेल तर दांड्याची जोडणी किंवा पेटीच्या आतले काम समजा, आणि किंमत त्या हिशेबाने बोला. क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही खरखरला तर क्लचवरचा संशय पक्का.

जुन्या तीन गिअरच्या जीपमध्ये पहिला गिअर गाडी उभी असताना टाकायचा असतो. चालत्या गाडीत तो खरखरला म्हणून नाराज होऊ नका. दुसरा आणि तिसरा मात्र गुपचूप पडला पाहिजे.

आता आवाज. मिरजेचे सतार करणारे कारागीर नुसत्या कानाने जवारी लावतात. आपल्याला एवढे कसब नको. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर पेटीतले बेअरिंग झिजलेले असावे. दाबल्यावरच येते, तर क्लचचे बेअरिंग.

मिरज-पंढरपूर रस्त्यावर भोसे गावाजवळ दंडोबाचा डोंगर आहे. गाडी तिकडे न्या. देवदर्शन होईल, चढउतारही मिळेल. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडा. दांडा आपोआप न्यूट्रलला निसटला तर ती गाडी सोडून द्या. बायकापोरे बसवून घाट उतरताना असे झाले, तर सगळा भार ब्रेकवर येतो. विकणारा स्वतः चालवत असेल तर त्याचा डावा हात बघा. तो दांडा धरूनच बसला असेल, तर त्याला ही खोड ठाऊक आहे!

पुढच्या चाकांचा जोर मोकळ्या रानात तपासा. डांबरावर वळताना पुढची-मागची चाके एकमेकांना ओढतात आणि दांडा घट्ट बसतो. तो दोष गाडीचा नव्हे. चारही टायर एका मापाचे नसले तरी असेच होते.

शेवटी फिटरकडून पेटीतले तेल थोडे काढून बघा. पितळेची बारीक चमक जुन्या पेटीत दिसू शकते. लोखंडाचे तुकडे लागले तर बोलणी थांबवा. तेल अगदी नवे आणि फार दाट असेल तर आवाज दाबला आहे का, हे विचारा. आणि सातबाऱ्यावर बोजा बघता तसा आरसी बुकावरही बघा; चेसिसचा नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून घ्या.