चमकी आणि कडी

तान्ह्या बाळाचा कान उन्हात धरून पाहावा. पाळी इतकी कोवळी असते की उजेड तिच्यातून आरपार येतो, तांबूस, बारीक शिरांसकट. सुश्रुताने कान टोचायची जागा अशीच शोधायला सांगितली आहे. बाळ सहाव्या-सातव्या महिन्याचं असावं, दाईच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी रमवावं, कान डाव्या हाताने ओढून धरावा आणि ऊन जिथून झिरपतं त्या दैवानेच ठेवलेल्या छिद्रातून सुई न्यावी. मग तेलाची वात घालावी आणि दर तीन दिवसांनी ती बदलावी, आधीपेक्षा जाड. शस्त्रकर्मावरच्या ग्रंथात एवढी हळुवार जागा सापडते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आमच्याकडे हे काम सोनाराचं. बारशाच्या सुमारास कान, आणि मुलगी कळती झाली की नाक. नाकपुडी टोचताना डोळ्यांत आपसूक पाणी उभं राहतं. मग कित्येक दिवस हळद आणि खोबरेल तेल, चेहरा पुसताना जपणं, उशीवर कूस बदलताना जपणं. पाळी दीड-दोन महिन्यांत बरी होते, नाकपुडी मात्र महिनोन्‌महिने घेते. तोवर दागिना काढून ठेवला की भोक बुजायला लागतं. म्हणून चमकी नसेल तेव्हा झाडूची नाहीतर कडुलिंबाची काडी घालून ठेवायची.

माझी मावशी खाद्यपदार्थांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. आत जाण्याआधी बायका बाकावर ओळीने बसत आणि बांगड्या, मंगळसूत्र, चमकी सगळं उतरवत. मावशी एक बोट नाकपुडीच्या आत नेऊन फिरकी सैल करायची, चमकी हलकेच ओढायची, फिरकी पुन्हा तिच्यावर बसवायची आणि रुमालाच्या टोकाला गाठ मारायची. हे सगळं आरशाशिवाय. तिने या नियमाबद्दल कधी कुरकुर केली नाही. ‘कुणाच्या लेकराच्या घासात निघाली तर?’ एवढंच म्हणायची. नव्याने नाक टोचलेल्या मुलींची मात्र पंचाईत व्हायची. चमकी काढावी तर भोक बुजणार, काडी घालावी तर तीही मालात पडायची. तिथल्या सुपरवायझर बाई अशा मुलींना काही महिने खोकी बांधण्याच्या टेबलावर बसवत. तिथे उघडा माल नसायचा. नियम राहिला आणि मुलींची नाकंही राहिली.

मला हवा तो शहाणपणा त्या टेबलावर होता. माझ्या भाच्याच्या वाट्याला तो आला नाही. त्याने भुवईत एक बारीक चांदीची कडी घातली होती. त्याचं काम दिवसभर हेडफोन लावून ग्राहकांशी फोनवर बोलण्याचं, म्हणजे त्याचा चेहरा एकाही ग्राहकाला दिसत नव्हता. तरी ‘ऑफिसला शोभत नाही’ म्हणून कडी काढायला लावली. त्याच ऑफिसात गणपतीला साहेब मंडळी भिकबाळी घालून फोटोला उभी राहिली. छान दिसत होती, आणि त्यांनी ती जरूर घालावी. पण कानाच्या वरच्या कडेला लोंबणारे मोती शोभतात आणि भुवईतली कडी शोभत नाही, हे ठरवलं कुणी? सवयीने. दुसरं कारण मला सापडत नाही.

कोर्टांतही हीच सवय दिसते. डर्बनच्या एका शाळेने तमिळ वंशाच्या विद्यार्थिनीला नाकातली चमकी काढायला सांगितली. प्रकरण दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयात गेलं आणि 2007 मध्ये मुलगी जिंकली. चमकी धर्माने सक्तीची नसली, आपखुशीने पाळलेली चाल असली, तरी तिला संरक्षण आहे, असं न्यायालयाने म्हटलं. हा निकाल मला मोलाचा वाटतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कॉस्टकोच्या कॅशियरची कडी भुवईत होती. कंपनीने 2001 मध्ये कानातल्यांखेरीज चेहऱ्यावरचे सगळे दागिने बंद केले. शरीर टोचून घेणं हा माझ्या पंथाचा भाग आहे, असं ती सांगत राहिली, पण 2004 मध्ये अपील कोर्टाने कंपनीची बाजू घेतली. कर्मचाऱ्यांनी नीटनेटकं, व्यावसायिक दिसावं ही कंपनीची इच्छा तिथे भारी ठरली. आजीपासून आलेलं भोक तरलं, स्वतः निवडलेलं बुडालं.

पण आजीचं भोक तरी किती जुनं? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले प. कृ. गोडे यांनी नथीचा माग काढला, तेव्हा इसवी सन 1000 च्या आधीच्या संस्कृत साहित्यात त्यांना नाकातला दागिना सापडला नाही. ज्या नथीशिवाय आज आपल्याला नवरी पुरी वाटत नाही, तीही कधीतरी कुणा पहिल्या बाईच्या नाकात दिसली असेल आणि घरच्यांनी तिच्याकडे वळून वळून पाहिलं असेल. त्या बाईबद्दल मला आदर आहे, तसाच माझ्या भाच्याबद्दलही.

कार्यालयांचे नियम लिहिणाऱ्यांना म्हणून एक कळकळीची विनंती आहे. दागिन्यांच्या प्रत्येक कलमापुढे त्याचं कारण लिहा. यंत्रात अडकेल, अन्नात पडेल, रुग्णाला अपाय होईल, असं असेल तर बंदी घालाच, आणि ताज्या भोकाच्या माणसाला ते बरं होईपर्यंत दुसरं काम द्या. कारण लिहिता आलं नाही, तर ते कलम खोडून टाका.